मोठ्या डिक्कीची गाडी आणि चार लिंबं

त्या केसची आठवण माझ्या डोळ्यांत नाही, कानात आहे. आजही रस्त्यावर मागून एखाद्या इंजिनाचा तसा खोल, घशातून आल्यासारखा आवाज आला, की मी वळून बघतो आणि सगळा प्रकार जसाच्या तसा समोर उभा राहतो.

आधी माझ्याविषयी थोडं. सीमाभागातल्या एका खेड्यातून मी बंगळूरला शिपाई म्हणून भरती झालो. वशिला नव्हता, इंग्रजी नव्हतं. खात्यात येण्यापूर्वी जुन्या मोटरसायकली विकत घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि नफ्यात काढायच्या, हा माझा धंदा होता. घासाघीस मी तिथे शिकलो. पोलीस ठाण्यात ती मला कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा जास्त उपयोगी पडली. एकेक पायरी स्वतःच्या जोरावर चढत उपनिरीक्षक झालो आणि तिथेच निवृत्त झालो. इन्स्पेक्टरचा तिसरा तारा खांद्यावर आला नाही. माझा तोंडाळ स्वभाव त्याला कारण, असं वरचे लोक म्हणत. माझं मत वेगळं आहे. असो. नावं मी कोणाचीच देत नाही.

नवरात्र चालू होतं. मल्लेश्वरमच्या आमच्या ठाण्यात सकाळची हजेरी संपली होती, ड्युट्या वाटून झाल्या होत्या आणि मी स्टेशन डायरी लिहीत बसलो होतो. साठी उलटलेल्या एक बाई आत आल्या. माझ्या छातीवरची नावाची पट्टी त्यांनी चष्मा वर करून वाचली.

"तुम्ही मराठी की काय हो? मग बरं झालं. कन्नडमध्ये मला भांडता येतं, रडता येत नाही."

त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरातच राहिलेलं. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही तेच म्हणू लागलो.

"काय झालं, अक्का? बसा आधी."

"गाडी गेली. आमच्या ह्यांची. लांब असते बघा, मागे काचेची खोली जोडल्यासारखी. स्टेशन वॅगन म्हणतात तिला."

त्यांनी फोटो पुढे केला. तेवढ्यात आमचे इन्स्पेक्टर साहेब बाहेर आले. वयाने माझ्याहून बरेच लहान, थेट भरती झालेले, गणवेश कडक इस्त्रीचा, इंग्रजी फाडफाड. त्यांनी फोटोवर नजर टाकली आणि कन्नडमध्ये मला म्हणाले, "ही गाडी आहे? मला वाटलं शववाहिका."

त्या बाई बंगळूरच्याच आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. अक्कांनी त्यांना तसंच अस्सल कन्नडमध्ये ऐकवलं, "शव नाही साहेब, आमचं अख्खं घर बसायचं त्यात. जिवंत."

हवालदाराने हसू दाबलं. मी फिर्याद लिहायला घेतली.

घडलं ते असं. अक्का नवरात्रात रोज सकाळी देवीच्या दर्शनाला जात. त्या गेलेल्या असताना मागे सपाट हौदा असलेला एक ट्रक गल्लीत आला. दोन माणसांनी गाडी साखळीने ओढून वर चढवली, ताडपत्रीने झाकली आणि नेली. समोरच्या घरातल्या गृहस्थांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "ड्रायव्हरअण्णांनी बोलावलंय. पूजेच्या आधी सर्व्हिसिंग." यावर कोण शंका घेणार? आयुधपूजा जवळ आली, की बंगळुरात जो तो आपली गाडी गॅरेजला टाकतो. आमच्या गावाकडे ज्याला खंडेनवमी म्हणतात, तोच हा दिवस. पण या शहरात त्या दिवशी शस्त्रांपेक्षा चाकांचा मान मोठा. गल्लीने उलट ट्रक मागे घ्यायला मदत केली! कॅमेऱ्यांत ट्रक दिसला, पण नंबर खोटा निघाला, आणि रिंग रोडच्या गर्दीत तो नाहीसा झाला.

आणि अक्कांचा ड्रायव्हर नेमका त्याच दिवशी सुट्टी घेऊन गावी गेला होता.

हा ड्रायव्हर माझ्याच भागातला, निपाणीकडचा. अक्कांचे यजमान हयात असल्यापासून त्यांच्याकडे होता. इन्स्पेक्टर साहेबांनी तिथेच निकाल दिला. "नोकराने भंगारात विकली. बोलाव त्याला."

मी घटनास्थळाचा पंचनामा करायला गेलो. पोर्चमध्ये दोन गाड्यांची जागा. एका जागेवर अक्कांच्या मुलाने घेऊन दिलेली नवी कोरी पांढरी गाडी उभी होती. दुसरी जागा रिकामी, फरशीवर टायरांचे चार काळे डाग. गाडी एका जागी बराच काळ उभी राहत असली, की असे डाग पडतात. जुनी वाहनं घेताना मी ते आधी बघत असे. सवयीने मी एक दोरी मागवली, पुढच्या डागापासून मागच्या डागापर्यंत ताणली, दोन्ही टोकांना गाठ मारली आणि खिशात टाकली. शिपाई हसला. हसू दे.

पण माझं डोकं एका गोष्टीवर अडकलं होतं. शेजारी नवी गाडी उभी असताना चोराने जुनी का नेली?

"अक्का, या गाडीत होतं तरी काय?"

अक्कांचा चेहरा फुलला. त्यांचे यजमान इंजिनिअर. परदेशातली नोकरी सोडून परत येताना ती गाडी त्यांनी रीतसर कर भरून जहाजाने आणली. बाहेरून दिसायला बाजारहाट करायची गाडी. मागची सीटं पाडली, की कपाट मावेल. पण इंजिन शर्यतीच्या गाडीचं, गिअर हाताने टाकायचे, ताकद चारही चाकांना.

"एकदा तुमकूर रोडवरून येत होतो," अक्का सांगू लागल्या. "मागे फणस भरलेले. माझ्या सासूबाई मागच्या सीटवर जप करत होत्या. एक लाल, बुटकी, दोन माणसांची गाडी बाजूने आली. आतला पोरगा आमच्याकडे बघून हसला. ह्यांनी मला विचारलं, स्वल्प दाबू का? मी म्हटलं, सासूबाई आहेत. तर मागनं सासूबाई म्हणाल्या, दाब रे, जप काय थांबत नाही!"

"मग?"

"मग काय! तो पोरगा आरशात एवढासा झाला. फणस सगळे मागच्या काचेला जाऊन टेकले."

मी खुर्चीत पुढे सरकलो होतो. खोटं कशाला सांगू, मला चोरीचा विसरच पडला. आयुष्यभर वाहनं विकली, पण ही जात मला माहीत नव्हती. त्या दिवसापासून मी भेटेल त्या गॅरेजवाल्याला विचारत सुटलो. जे कळलं त्याने डोकं चक्रावलं. वेगाचा शौक असणारा माणूस बुटकी, झोकदार गाडी घेतो. पोराबाळांचा माणूस स्वस्तातली, मोठ्या डिक्कीची घेतो. दोन्ही एकाच गाडीत हवं असणारे मुळात थोडे, म्हणून अशा गाड्या बनल्याच कमी. त्यात लोकांनी त्या कामाला जुंपल्या. कुत्री, सिमेंटची पोती, बोचकी वाहून बहुतेक गंजल्या आणि मोडीत गेल्या. ज्या थोड्या धड राहिल्या, त्यांची किंमत आता त्याच कंपनीच्या नव्या गाडीपेक्षा वर. आणि त्यातली मजा अशी, की रस्त्यावरच्या कोणाला पत्ता नसतो. ज्याला कळतं तोच थांबून बघतो. असला माल मला फार आवडतो.

म्हणजे चोर माहीतगार होता. हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "ड्रायव्हरपेक्षा माहीतगार कोण?"

ड्रायव्हरला रोज ठाण्यात हजर राहायला सांगितलं होतं. तो सकाळी यायचा आणि बाकावर बसून राहायचा. समोरून गल्लीतली माणसं पासपोर्टच्या चौकशीला, हरवल्याच्या दाखल्याला येत-जात, आणि त्याला बघून नजर फिरवत. घरी लग्नाची मुलगी होती. "साहेब, आत टाकलासा तरी चालंल," तो मला एकदा म्हणाला, "पर ह्या बाकड्यावर नगा बसवू ओ. समदी बघत्यात."

साहेबांचा बेत ठरला होता. आयुधपूजेला ठाण्यात अटकेची कटकट नको. दसरा झाला, की अटक दाखवायची, न्यायाधीशांपुढे उभा करून कोठडी मागायची आणि केस संपवायची. म्हणजे माझ्या हातात सण संपेपर्यंतचा वेळ होता.

मी पुन्हा अक्कांकडे गेलो. "गाडी विकत घ्यायला कोण कोण आलं होतं?"

"पुष्कळ आले. सगळे गाडीचं कौतुक करायचे आणि मी नाही म्हटलं, की जायचे. एक जण तेवढा पुन्हा पुन्हा यायचा. जुन्या गाड्या जमवतो म्हणे, मोठा माणूस आहे. पण त्याला गाडी आवडलीच नव्हती हो. म्हणायचा, अक्का, गंजलीय, पार्ट मिळत नाहीत, तुमची जागा अडवून बसलीय. तुम्हाला मोकळं करायचं म्हणून नेतो."

"बॉनेट उघडून बघितलं त्याने?"

"कधीच नाही. लांबूनच नाक मुरडायचा. मी देवळात कधी जाते, ड्रायव्हर सुट्टीवर कधी जातो, अशी घरगुती विचारपूस मात्र फार करायचा."

मी ताडकन उठलो. अहो, हा तर मी! मला एखादी मोटरसायकल मनापासून हवी असली, की मी तिच्याकडे बघतसुद्धा नाही. टाकी पोचलीय, साखळी सैल आहे, घेऊन काय करू, असंच बोलतो. जो तोंडभरून कौतुक करतो त्याला माल नको असतो. जो नावं ठेवतो आणि तरी परत येतो, त्याची झोप उडालेली असते.

दुसरा धागा मारतहळ्ळीला मिळाला. तिथे जुन्या-नव्या टायरांचा एक दुकानदार माझा खबरी होता, तोही निपाणीचा.

"या फौजदार! आज कुणाच्या चाकातली हवा काढताय?"

"तुझ्या. स्टेशन वॅगन, परदेशी, जुनी. टायर कोणी मागितले?"

तो हसायचा थांबला. "मागितलं की. त्या मापाचं टायर हितं कोण वापरतंय? बाहेरनं मागवून दिलं. मी म्हटलं, गाडी आणा, बसवून देतो. तर म्हणतंय, गाडी यायची हाय अजून. देवनहळ्ळीच्या पल्याड त्याचा द्राक्षाचा मळा हाय, तिथल्या शेडात टाकून आलो."

गिऱ्हाइकाचं वर्णन अक्कांच्या पाहुण्याशी जुळत होतं. जी गाडी कोणी विकायला तयार नाही, तिचे टायर हा माणूस आधीच घेऊन बसला होता!

त्या गृहस्थाला मी जबाबासाठी बोलावलं. मऊ बोलणं, भारी घड्याळ. चहा मागवला. टायर? दुसऱ्या एका गाडीसाठी. शेड? द्राक्षांचे क्रेट आहेत. "बघायचं असेल तर वॉरंट आणा, साहेब. मी कायदा पाळणारा माणूस आहे."

मी त्याला शिव्या द्यायच्या बेतात होतो. पण सौद्यात आधी चिडतो तो बुडतो, हे मला पाठ होतं. मी खांदे पाडले आणि थाप मारली. "आता वॉरंट आणून काय उपयोग? गाडी मिळाली आम्हाला. एका भंगारवाल्याकडे. गॅस कटरने तुकडे केले होते."

त्याने कप उचलला. एक घोट घेतला. "वाईट झालं," तो म्हणाला. "पण जुनीच होती. तिचं आयुष्य संपलं होतं."

मी बाहेर आलो आणि तीच थाप बाकावरच्या ड्रायव्हरला मारली.

त्याने टोपी काढून हातात घेतली. मग हळूच विचारलं, "मागचा दरवाजा बी कापला का ओ?"

"का?"

"मालकांच्या छातीत दुखाय लागलं हुतं तवा सीटं पाडून त्यांना त्यातनंच आडवं नेलं मी. ॲम्बुलन्स यायच्या आत दवाखान्यात पोचलो. त्या खेपंला वाचलं मालक." आणि तो माणूस भर ठाण्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, टोपीत तोंड खुपसून रडला.

मला आणखी काय हवं होतं! जो त्या गाडीसाठी वेडा झाला होता, तो तिचे तुकडे झाले हे ऐकून चहा पितो. कारण गाडी शाबूत आहे हे त्याला ठाऊक होतं. मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो.

"साहेब, तोच आहे. झडतीची परवानगी द्या."

"पुरावा?"

"तो रडला नाही."

साहेबांनी केस डायरी माझ्यापुढे ढकलली. "हे केस डायरीत लिहू? आरोपी रडला नाही म्हणून झडती? त्याच्या ओळखी कुठवर आहेत माहीत आहे तुला?"

"माझ्या ओळखी टायरवाल्यापर्यंतच आहेत, साहेब. पण त्या खऱ्या आहेत!"

माझा आवाज बाहेर वायरलेसपर्यंत गेला होता. साहेबांनी शांतपणे सांगितलं, की दसऱ्यानंतर ड्रायव्हरची अटक होईल आणि उर्मटपणाबद्दल मला मेमो मिळेल. मेमो मिळाला. तो अजून माझ्या सेवापुस्तकात आहे.

आयुधपूजेचा दिवस उजाडला. ठाणं धुऊन काढलं होतं. रायफली मांडून हळदकुंकू लावलं, जीपला केळीचे खांब आणि झेंडूच्या माळा बांधल्या. जीपच्या चाकांखाली लिंबं ठेवली, गाडी पुढे घेऊन ती चिरडली, आणि शिपायाने मोठा कोहळा आपटून फोडला. मी मेमोच्या रागात कोपऱ्यात उभा होतो. तेवढ्यात एक शिपाई आवाराच्या मागे पडलेल्या, जप्त केलेल्या रिक्षाच्या चाकांखाली लिंबं ठेवताना दिसला.

"अरे, मुद्देमालालाही पूजा?"

"चाकं आहेत ना, सर? मग लागते. नाही केली तर वर्षभर दगा देते."

जप्तीच्या रिक्षाला हा माणूस विसरत नाही. मग ज्याने गाडी हाती यायच्या आधीच टायर घेऊन ठेवले, तो आपल्या लाडक्या गाडीला आजच्या दिवशी विसरेल? बंगळूरचा गाडीवेडा माणूस एक वेळ स्वतःचा वाढदिवस विसरेल!

कोणाला न विचारता मी एक शिपाई घेतला आणि देवनहळ्ळीचा रस्ता धरला. सगळ्या ट्रकांना, बसना, स्कूटरना फुलं; चौकाचौकात फुटलेले कोहळे. देवनहळ्ळीचा किल्ला मागे पडला, नव्या लेआउटच्या प्लॉटांचे दगड रोवलेली शेतं लागली आणि मग तो मळा. मी लगेच आत गेलो नाही. रस्त्यावरून शेडचं दार आणि पुढचं अंगण दिसत होतं. शटर बंद, भलंमोठं कुलूप. आणि शटरच्या पुढ्यात, उन्हात...

"लिंबं!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो, की शिपाई दचकला.

चार लिंबं, चारही चिरडलेली. बाजूला फुटलेला कोहळा, त्यात लाल कुंकू, आणि शटरखाली अर्धवट अडकलेली झेंडूची पाकळी. मळ्याचा राखणदार धावत आला.

"शेडमध्ये काय आहे?"

"क्रेट, सर. द्राक्षांचे."

"क्रेटना चाकं कधीपासून फुटली रे?"

तो बाजूला झाला. मी अंगणात शिरलो, खिशातली दोरी काढली, एक गाठ पुढच्या लिंबावर धरली, शिपायाने दोरी ताणली. दुसरी गाठ मागच्या लिंबावर बरोबर बसली. अक्कांच्या पोर्चमधलं तेच अंतर! मी त्या अंगणात अक्षरशः नाचलो. या वयात, या पोटाने.

आता झडतीचं कारण माझ्या हातात होतं. कारणं लेखी नोंदवून, पंच बोलावून मी स्वतः शटर उघडू शकत होतो. सगळं श्रेय माझं. तिसऱ्या ताऱ्याची वाट त्या कुलुपातून जात होती. पण मला ठाण्यातलं ते बाक दिसत होतं. मी गाडी शोधली असती, वर्तमानपत्रात आलं असतं, आणि गल्ली तरीही म्हणाली असती, ड्रायव्हर आतून सामील असणार. चौकशीला बसवलेल्या माणसाचा डाग नुसत्या सुटकेने जात नाही, हे मी आयुष्यभर पाहिलं होतं. तो डाग ज्याने लावला, त्यानेच पुसावा लागतो.

मी साहेबांना फोन लावला.

"साहेब, गाडी सापडली. कुलूप अजून तोडलेलं नाही."

पलीकडून अगदी गोड आवाज आला. "मी येतो. थांब."

"थांबतो. पण आधी ठरवू. तपास तुमचा, मार्गदर्शन तुमचं, फोटो तुमचा. माझं नाव कुठेही नको."

"आणि?"

"आणि कोर्टाने गाडी सोडली, की चावी तुम्ही स्वतः द्यायची. अक्कांना नाही, ड्रायव्हरच्या हातात. गल्लीत, सगळ्यांसमोर. तोंडाने सांगायचं, की याचा काही संबंध नव्हता."

"मी? ड्रायव्हरला?"

"नाहीतर कुलूप मी तोडतो."

साहेब घासाघीस करायला लागले. ठाण्यात देऊ, कार्यालयात देऊ, हवालदाराच्या हातून देऊ. मी एक पाऊल मागे आलो नाही. शेवटी ते म्हणाले, "सरी." म्हणजे, ठीक आहे. मी फोन ठेवला आणि राखणदाराकडे पाणी मागितलं.

पंचांसमक्ष शटर वर गेलं. आत ती उभी होती. लांब, करडी, साधी. नाकावर झेंडूचा हार, काचेवर हळदकुंकू, नवे टायर. खरंच कोणी म्हणालं असतं, भाजी आणायची गाडी आहे. मी वाकून जाळीतून इंजिनाकडे बघितलं आणि माझ्याच छातीत धडधडलं.

त्या गृहस्थाला आणलं, तेव्हा त्याने नाकारलं नाही. अंगणातली लिंबं बघून कपाळावर हात मारून घेतला. "पूजेसाठी तेवढी उन्हात काढली होती," तो म्हणाला. "आजच्या दिवशी तिला अंधारात कसं ठेवणार? अक्का तिला झाकून ठेवतात, साहेब. ती धावायला बनलीय."

"मग विकत मागायची होती, मनापासून," मी म्हणालो. "नाक मुरडून नाही."

ट्रकवाल्यांनाही उचललं. ड्रायव्हर निर्दोष असल्याचं जबाबात आलं. वर्तमानपत्रात फोटो आला: साहेब गाडीला टेकून उभे, हातांची घडी. खाली त्यांच्या चिकाटीचं कौतुक, आणि शेवटी 'सहकारी कर्मचाऱ्यांनी सहकार्य केले'. सहकारी कर्मचारी! ते कात्रण मी जपून ठेवलंय आणि वर्षातून एकदा काढून चडफडतो. सौदा मीच केला होता हे मान्य. पण एखादं अक्षर तरी? साहेब पुढे फार वर गेले. मी मेमोसकट होतो तिथेच राहिलो.

कोर्टाच्या हुकुमाने गाडी सुटली. साहेबांनी शब्द पाळला, तेवढं मी मान्य करतो. मल्लेश्वरमच्या त्या गल्लीत, गॅलऱ्यांत माणसं उभी असताना त्यांनी ड्रायव्हरच्या हातात चावी दिली. "यांच्यावर घेतलेला संशय चुकीचा होता," एवढं ते म्हणाले. कडक इस्त्रीतली मान जराशी झुकली. समोरचे गृहस्थ, ज्यांनी ट्रक मागे घ्यायला मदत केली होती, पुढे येऊन ड्रायव्हरचा हात धरून उभे राहिले.

अक्का माझ्याकडे वळल्या. "बसा हो. तुम्हालाच आधी फिरवायचं."

अक्का मागे, मी पुढे. ड्रायव्हरने चावी फिरवली आणि तो आवाज आला, ज्याने मी हे लिहायला सुरुवात केली. विमानतळाच्या मोकळ्या रस्त्याला लागल्यावर त्याने आरशात बघितलं. "अक्का, स्वल्प दाबू?"

"दाब रे!"

माझी पाठ सीटला चिकटली. मी हसत होतो की ओरडत होतो, सांगता येणार नाही. बाजूने जाणाऱ्या चकचकीत गाड्यांतली माणसं आमच्याकडे बघत होती. भाजीची गाडी आपल्याला मागे कशी टाकते, हे त्यांना कळेना.

या केसने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. माणूस कशाला नावं ठेवतो ते ऐकत जा आणि कशावर रडतो ते बघत जा, एवढं मी नव्या शिपायांना सांगतो. सौदा स्वस्तात केला की महागात, हे मात्र माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. रात्री कात्रण आठवलं की वाटतं, फसलो.

पण दर आयुधपूजेला ती लांब गाडी माझ्या दारात येते. ड्रायव्हर, आता पिकलेला, माझ्याच हाताने चाकांखाली लिंबं ठेवायला लावतो. मागच्या वेळी शेजारी नव्याने राहायला आलेल्या एका पोराने त्याला विचारलं, "अंकल, हे आजोबा कोण तुमचे?"

ड्रायव्हरने फडकं खांद्यावर टाकलं. "हे? ह्यांनी माझी चावी मला परत आणून दिली."

त्यानेही माझं नाव घेतलं नाही. मी पुढचं दार उघडलं, बसलो, आणि त्याला म्हणालो, "चल. दाब."